दुसऱ्या कडव्यातल्या कमलकाकू

पेटी शिकवणाऱ्या बाईला लोक काय वाटेल ते विचारतात. घसा बसला तर काय घ्यावं, मुलीचं लग्न ठरत नाही तर गाण्याच्या परीक्षेचा उपयोग होईल का, सगळं. हल्ली त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे. नोकरीसाठी पुण्याला गेलेले माझे जुने विद्यार्थी दिवाळीला सांगलीत येतात, नवा कोरा रेकॉर्ड प्लेअर घेतल्याचं कौतुकानं सांगतात आणि विचारतात, "बाई, रेकॉर्डचा आवाज खरंच मोबाइलपेक्षा चांगला असतो का हो?" मी चहाचं विचारते आणि विषय बदलते. उत्तर ठाऊक नाही असं नाही. पण ते द्यायचं तर चौगुले सरांबद्दल बोलावं लागतं, आणि सरांबद्दल मला दारात उभ्या उभ्या बोलता येत नाही.

सर आमच्याच इमारतीत, माझ्या डोक्यावरच्या घरात राहायचे. मूळचे कुंडलचे. घरची शेती भावाकडे सोपवून हे पदार्थविज्ञान शिकवायला बाहेर पडले, ते आधी कोयनानगरला आणि मग सांगलीच्या एका कॉलेजात. उंच, सडसडीत, पांढरा शर्ट कायम कोपरापर्यंत दुमडलेला. बोलणं कमी, आणि जे बोलायचे त्यात निम्म्या वेळा एकच वाक्य असायचं, "मोजायच्या आधी माप तपासा." कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांनी हे वाक्य इतकं घोकून घेतलं होतं, की त्यांचे विद्यार्थी पन्नाशीला आले तरी रस्त्यात सर दिसले की त्यांना उगाच आपलं काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं.

आणि हे फक्त प्रयोगशाळेपुरतं नव्हतं. एकदा त्यांना सणकून ताप आला. मी त्यांना कोपऱ्यावरच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी थर्मामीटर पुढे केला तर सरांनी खिशातून स्वतःचा काढला. दोन्ही काखेत धरायचे, दोन्ही वाचायचे आणि फरक निघाला तर तिसरा मागवायचा, असं त्यांचं म्हणणं. अंगात कापरं भरलेलं, तरी हट्ट सोडेनात. डॉक्टर त्यांचाच विद्यार्थी निघाला म्हणून निभावलं, नाहीतर त्या दिवशी आम्ही दोघं औषधावाचून घरी आलो असतो.

कोयनानगरची गोष्ट मला कमलकाकूंनी सांगितली. कमलकाकू म्हणजे सरांची बायको. तिकडे वसाहतीत नवीन संसार मांडला तेव्हा अधूनमधून जमीन हलायची. फळीवरची भांडी वाजली की शेजारपाजारचे लोक पोरंबाळं उचलून अंगणात धावायचे. सरांनी काय केलं, तर छताच्या कडीला दोरीनं एक तांब्या टांगला. हादरा बसला की तांब्या झुलायचा आणि सर खाली बसून तो कुठल्या दिशेनं झुलतोय ते बघायचे. "अगं सुनंदा, घर हलतंय आणि हे दिशा बघतायत," काकू सांगायच्या. "मी दारात उभी राहून हाका मारतेय. तर म्हणतात कसे, थांब, आधी तांब्या बघू दे." हे सांगताना त्या हसायच्या तेही जाड, भरल्या आवाजात.

काकूंचा आवाज तसाच होता. बाईमाणसाच्या मानानं खालचा, रुंद. त्या माझ्या साताऱ्याच्या, त्यामुळे मी सांगलीत आले त्या दिवसापासून त्यांनी मला माहेरचंच माणूस धरलं. गाणं शिकलेल्या नव्हत्या. पण पोळ्या लाटताना, तांदूळ निवडताना काहीतरी चालू असायचं, आणि ते सुरात असायचं. मी खालून ऐकायची. चारचौघांत गा म्हटलं की मात्र त्या पदर सारखा करत आत निघून जायच्या.

शाळेत असताना काकूंनी एका रेकॉर्डवर गायलं होतं, ही त्यांच्या आयुष्यातली एकुलती एक मोठी घटना. साताऱ्याच्या त्यांच्या शाळेतल्या चार मुलींना कोणीतरी पुण्याला नेलं होतं. हळदीचं एक गाणं होतं. गाणारी बाई वेगळी, ह्या चौघींनी फक्त मागून ओळ धरायची. रेकॉर्डवर त्यांची नावं आली नाहीत. येण्याचं कारणही नव्हतं. लग्नानंतर काही वर्षांनी सरांनी ती छोटी रेकॉर्ड मिरजेतल्या एका जुन्या दुकानातून शोधून आणली आणि ती वाजवायला म्हणून मशीन घेतलं. बाकीच्या रेकॉर्डी पुढं जमत गेल्या.

काकू गेल्या त्या अचानक, मोबाइलवर उठसूट व्हिडिओ काढायची सवय घराघरात लागायच्या आधी. फोटो होते, पण आवाज कुठंच नव्हता. होता तो त्या हळदीच्या गाण्यात, दुसऱ्या कडव्यानंतर चौघी ओळ धरतात तिथं. पहिल्या कडव्यानंतर त्या सगळ्या एकत्र मिसळून जातात. दुसऱ्यानंतर मात्र एक आवाज बाकीच्यांच्या जरा खालून येतो. सर म्हणायचे, "ही कमल." मी कान देऊन ऐकलं होतं. मलाही तसं वाटलं होतं.

दर रविवारी सकाळी सरांकडे आम्ही काहीजण जमायचो. सतरंजीवर बसायचं, रेकॉर्डची बाजू संपेपर्यंत बोलायचं नाही आणि चहाही मिळायचा नाही. मंडळी बहुतेक निवृत्त होती आणि सगळी रेकॉर्डभक्त. त्यांचे पुढारी भूपाल अण्णा, पलूसचे द्राक्षबागायतदार, सरांचे शाळेपासूनचे मित्र. मोबाइलवरच्या गाण्याबद्दल अण्णांचं मत पक्कं होतं. "त्यो आवाज म्हंजी पानी घातल्यालं दूध. सरांच्या मशीनला वजन हाय बगा, वजन."

गंमत म्हणजे सरांना हे मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं, आवाज म्हणजे हवेची हालचाल. ती पुरेशा बारकाईनं आकड्यांत उतरवली की त्या आकड्यांतून जशीच्या तशी परत उभी करता येते. वजनबिजन सगळं मनात आहे. रेकॉर्ड हातात घ्यायची, पुसायची, सुई जपून ठेवायची, एवढे लाड केल्यावर ती गोड लागणारच. ह्यावर रविवारी इतका वाद व्हायचा, की चहा निवायचा. शेवटी सर म्हणाले, "बोलून काय होणार? प्रयोग करू."

त्या रविवारी मी साताऱ्याला आईकडे गेले होते. त्यामुळे प्रयोग मला अण्णांच्या तोंडूनच कळला. सरांनी खोलीत सोलापुरी चादर आडवी बांधली. पलीकडे मशीन आणि मोबाइल. दोन्हींचा आवाज एकाच स्पीकरमधून आणि सारखाच मोठा. रेकॉर्डची खरखर ऐकून कोणी ओळखू नये म्हणून ती खरखरसुद्धा त्यांनी कॉम्प्युटरवर मोबाइलच्या गाण्याखाली घालून ठेवली होती. आता ओळखा. "आन सांगतो बाई," अण्णा म्हणाले, "आमी येक बी चुकलो न्हाई. परत्येक बारीला रेकॉर्ड कंची ते बिनचूक सांगितलं. सरांचं तोंड बगायला पायजे हुतं."

दुसरा कोणी असता तर त्यानं चादरीत खोट काढली असती. सर तसे नव्हते. पुढच्या रविवारी ते सगळ्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मी चुकलो. वजन आहे. कारण मला सापडलेलं नाही, पण आहे." मग चहाच्या वेळी मला हळूच म्हणाले, "एका अर्थी बरं झालं सुनंदा. कमलचं गाणं मोबाइलवर आहे, कोणीतरी चढवलंय. मी ते पुष्कळदा लावून बघितलं. त्यात ती नाही. नुसत्या चार पोरी आहेत. मला वाटायचं, माझा कान मला फसवतोय. पण आता ह्या सगळ्यांच्या कानांनी साक्ष दिली."

इतकी वर्षं ते स्वतःलाच हा प्रश्न विचारत होते, हे मला तेव्हा समजलं. रेकॉर्ड चांगली की मोबाइल, ही बाकीच्यांची रविवारची करमणूक होती. सरांचा सगळा जीव त्या एका ओळीत अडकला होता. रेकॉर्डमध्ये खरोखर काही जास्तीचं असेल तरच काकू तिथं होत्या. नसेल तर तो नुसता त्यांच्या मनाचा खेळ होता, आणि मनाचे खेळ त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांतून लाल शाईनं खोडले होते. त्या प्रयोगानंतर काही महिने सर सुखात होते. मी त्यांना जिन्यात गुणगुणताना ऐकलं, आणि सर गुणगुणतात हेच मला नवीन होतं.

पुढचं माझ्यामुळे झालं. माझ्या वर्गातल्या मुलींना कोजागरीच्या कार्यक्रमासाठी मी ते हळदीचं गाणं बसवत होते. मोबाइलवर ऐकून पेटीच्या काळी चार ह्या पट्टीत बसवलं होतं. मधले पेटीचे तुकडे मोबाइलवर नीट उमगेनात, म्हणून सरांना विचारून एका दुपारी पेटी घेऊन वर गेले. सरांनी हौसेनं रेकॉर्ड लावली. मी बोटं ठेवली आणि पहिलाच स्वर बेसूर लागला. मला वाटलं माझा हात चुकला. परत लावायला सांगितली. परत तेच. मग मी एक पट्टी खाली सरकले, पांढरी पाचवर, तेव्हा कुठं जवळपास जुळलं.

गप्प बसावं असं वाटलं. सर समोर खुर्चीत डोळे मिटून बसले होते, दुसऱ्या कडव्याची वाट बघत. पण पेटी थांबल्यावर त्यांनी डोळे उघडले. "काय झालं?"

"सर, हे खाली आहे."

"काय खाली आहे?"

"पट्टी. मोबाइलवर काळी चार आहे. इथं पांढरी पाच लागतेय."

सरांनी गाणं पूर्ण होऊ दिलं. मग उठले, रेकॉर्डच्या कडेला कागदाचा लहानसा कपटा चिकटवला, मशीन सुरू केलं आणि हातातलं घड्याळ काढून समोर धरलं. छोट्या रेकॉर्डचे मिनिटाला पंचेचाळीस फेरे व्हायला हवेत. बेचाळीस झाले आणि वर थोडे. त्यांनी पुन्हा मोजले. मग आतून दुसरं घड्याळ आणलं आणि त्याच्यावरही मोजले.

"आतलं रबरी चाक गुळगुळीत झालं असणार," ते म्हणाले. "थाळीवरून घसरतंय. मशीन हळू फिरतंय. कधीपासून कुणास ठाऊक." त्यांनी मशीन बंद केलं. "हळू फिरलं की आवाज खाली येतो. जड होतो. वजन येतं."

चादर बांधली, आवाज सारखे केले, खरखर घातली, आणि मशीनचा वेग काही त्यांनी तपासला नाही. त्यांच्या एखाद्या विद्यार्थ्यानं हे केलं असतं तर सरांनी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं. मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले. त्यांनी हातानंच थांबवलं.

आठवड्याभरात कोल्हापूरहून नवं चाक आलं. ते त्यांनी स्वतः बसवलं आणि मला वर बोलावलं. पंचेचाळीस फेरे बरोबर मोजून दाखवले. मग गाणं लावलं. मोबाइलवर होतं तेच, तसंच, त्याच पट्टीत. दुसरं कडवं झालं, चार मुलींनी ओळ धरली. चारही आवाज कोवळे, बारीक, वरचे. त्यात खालून येणारं कोणी नव्हतं. मला रडू आलं. सर रडले नाहीत. त्यांनी सुई उचलली आणि बराच वेळ ती हातात तशीच अधांतरी धरून ठेवली.

"ती ह्यात आहेच," ते शेवटी म्हणाले. "ती खोटं सांगणारी नव्हती. चौघींतली एक तीच आहे. पण शाळेतली. मी तिला पहिल्यांदा बघितलं ते पाच-सहा वर्षांनी, तोवर आवाज बदलला असेल. ह्या वयाची कमल मी कधी ऐकलीच नाही, सुनंदा. ओळखणार कशी?" मग म्हणाले, "मोबाइलमध्ये ती होती. खरी होती. मीच तिला नाही म्हणत होतो."

मी म्हटलं, "आणि इतकी वर्षं ऐकत होतो ती?"

"ती कोणातरी मुलीची मशीननं केलेली कमल."

एवढं बोलून ते स्वयंपाकघरात गेले आणि चहा टाकला. मला त्या घरात इतका एकटेपणा कधी जाणवला नव्हता. काकूंचं तेरावं झालं त्या दिवशीही नाही.

रविवारी मंडळी जमली. सरांनी सगळं सांगितलं, काही न लपवता, गाण्यासकट.  मग पुन्हा चादर बांधली आणि प्रयोग पुन्हा झाला. ह्या वेळी कोणालाच काही ओळखता आलं नाही. काहीजण अंदाज बांधत राहिले, काहींनी उत्तर देणंच सोडलं. खोलीत अवघडल्यासारखं झालं. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ चपला घालता घालता म्हणाले, "सर, हे सांगितलं नसतं तरी चाललं असतं." पुढच्या रविवारपासून ते आलेच नाहीत. हळूहळू बाकीचेही गळाले.

भूपाल अण्णा मात्र त्या दिवशी उठले नाहीत. सगळे गेल्यावर म्हणाले, "सर, येक इचारू? ते जुनं चाक हाय का टाकलंसा?"

"टाकलं."

"कशाला बदललं पर? ऱ्हाऊ द्याचं की तसंच."

"चुकीचं होतं ते, भूपाल."

"आसंल की. चुकीचं का हुईना, वैनी हुत्या न्हवं त्यात?"

सर उठून चादरीची गाठ सोडायला लागले.  अण्णांना मग आपण बोलायला नको होतं असं वाटलं असावं. पिशवी उचलून, "येतो रं गड्या," म्हणून ते निघून गेले. सरांना गड्या म्हणताना मी त्यांना तेवढंच एकदा ऐकलं.

त्यानंतर सर थकत गेले. आजार असा काही नव्हता. खाणं कमी झालं, बोलणं तर मुळातच कमी होतं. रविवारी अण्णा आणि मी जायचो, एखादी रेकॉर्ड ऐकायचो, चहा प्यायचो. हळदीचं गाणं आम्ही कधी मागितलं नाही आणि सरांनी कधी लावलं नाही. निदान आमच्यासमोर तरी नाही. कोजागरीला माझ्या मुलींनी ते गायलं तेव्हा सर पहिल्या रांगेत येऊन बसले होते. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मुलींची नावं एकेकीला विचारली आणि प्रत्येकीला सांगितलं, "छान गायलीस." काकूंचं नाव काढलं नाही. गुढीपाडव्याच्या सुमाराला एका पहाटे ते झोपेतच गेले.

त्याच्या आदल्या आठवड्यात मी त्यांचा डबा परत करायला वर गेले होते. सकाळची दहा-साडेदहाची वेळ. दार अर्धवट लोटलेलं होतं आणि आतून ते गाणं येत होतं. हाक मारणार होते, पण थांबले. सर माझ्याकडे पाठ करून मशीनवर वाकलेले होते. गाणं बरोबर पट्टीत चाललं होतं, काळी चार. दुसरं कडवं संपत आलं तसं सरांनी उजव्या हाताचं एक बोट फिरत्या थाळीच्या कडेला टेकवलं. अगदी हलकेच. थाळी मंदावली. मुलींचे आवाज खाली उतरले, जड झाले, आणि त्यांच्या तळातून एक रुंद, भरला आवाज वर आला. मी खालच्या मजल्यावरून वर्षानुवर्षं ऐकलेला. समोर घड्याळ नव्हतं, कागदाचा कपटा नव्हता. सर बोटाचा दाब किंचित कमी करत होते, किंचित वाढवत होते, तो आवाज नेमका होईपर्यंत. ओळ संपली तसं बोट उचललं आणि गाणं पुन्हा आपल्या वेगानं पुढे निघालं. मी डबा दाराशीच ठेवला. जिना उतरायला वळले तेव्हा सरांनी सुई उचलून जराशी मागं नेली होती आणि बोट परत कडेवर ठेवलं होतं.